खोल्या आणि झोन: बेरीज का चुकते

रेव्हिट या इमारतींचं मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लॅटमधल्या सगळ्या रूम्सना एकच झोन-नाव (म्हणजे गटाचं नाव) देऊन त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे कार्पेट एरिया धरावा, असा एक सल्ला आहे. गट करण्याची पद्धत बरोबर आहे, बेरीज मात्र नाही.

रेव्हिटमध्ये रूमचं क्षेत्रफळ साधारणपणे भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजलं जातं. म्हणजे दोन बेडरूममधली भिंत कुठल्याच रूममध्ये येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातली व्याख्या मात्र अंतर्गत पार्टिशन भिंती कार्पेटमध्ये धरते आणि बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी वगळते. त्यामुळे बेरीज कमीच येणार. ४ मीटर लांब, १०० मिमी जाडीची एक भिंत म्हणजे ०.४ चौरस मीटर. अशा पाच-सहा भिंती घरात असतातच! मोजणी भिंतीच्या मध्यरेषेवर नेली तर बाहेरच्या भिंतीचीही अर्धी जाडी आत येते, म्हणून तोही उपाय नाही. फ्लॅटची हद्द एरिया प्लॅनमध्ये (रेव्हिटमधला फक्त क्षेत्रफळं मोजण्याचा नकाशा) वेगळी आखा, आणि रूम व एरिया दोन्हींना एकच फ्लॅट क्रमांक द्या. जोडणी त्या क्रमांकावर टिकते.

आयएफसी या इमारतींच्या मॉडेलची देवाणघेवाण करण्याच्या खुल्या फॉरमॅटमध्येही गट आणि हद्द यांच्यात हाच भेद आहे. आयएफसी-झोन हा स्पेसेसचा, म्हणजे खोल्यांचा, नुसता गट, त्याला स्वतःचा आकार नसतो. आकार हवा असेल तर आयएफसी ४ मधला स्पेशियल झोन वापरावा लागतो. एक खोली अनेक झोनमध्ये असू शकते, त्यामुळे फायर आणि एसीचे झोन वेगळेच ठेवा.

फ्लॅट क्रमांक हाताने टाकताना '७०१' आणि '७०१ ' असे दोन गट होतात. मागची मोकळी जागा आधी तपासा.