प्लॅनरची ‘कॉस्ट’: किंमत, खर्च की अंदाज?

विचारणा (लातूर): पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘एक्सप्लेन’मध्ये, म्हणजे क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये, ‘कॉस्ट’ दिसते. शिकवताना मी ‘किंमत’ म्हणते, तर मुलं विचारतात, मॅडम, रुपये की मिलिसेकंद? कोणता शब्द वापरावा?

उत्तर (नांदेड): ताई, ‘किंमत’ वस्तूची असते. इथं कामाला काय लागेल ते मोजलंय, म्हणून ‘खर्च’. तो रुपयांत नाही अन् मिलिसेकंदांतही नाही. डेटा साठवायचं 8 केबीचं एक पान ओळीनं वाचायचा खर्च 1 धरतात. विखुरलेलं पान शोधून वाचायचा 4, एक रो (टेबलातली एक नोंद) हाताळायचा 0.01. फळ्यावर मांडून दाखवा: टेबल 1,000 पानांचं, 1,00,000 रोंचं. काही अट न लावता सगळं वाचलं तर पानांचे 1,000 अधिक रोंचे 1,000, म्हणजे 2,000. इंडेक्सनं, म्हणजे रो कुठं आहे ते सांगणाऱ्या सूचीनं, गेलं की पानं बहुधा विखुरलेली, दर पानाला 4. त्यामुळं टेबलाचा मोठा हिस्सा हवा असला की इंडेक्स असूनही प्लॅनर, म्हणजे क्वेरी चालवायचा मार्ग निवडणारा भाग, अख्खं टेबल वाचायचं ठरवतो. इंडेक्स बिघडलाय असं मुलांना वाटतं, ते आधी दूर करा.

उत्तर (परभणी): ‘खर्च’ पटला, पण आधी ‘अंदाजित’ लावाच. ‘अंदाजपंचे’ मात्र म्हणू नका, त्यामागं रीतसर हिशेब आहे. आपल्याकडं पैसेवारी काढताना निवडक शेतांत पीककापणी करून गावाचं उत्पन्न ठरवतात, तसं ‘ॲनालाइझ’ ही आकडेवारी गोळा करणारी कमांड मूळ सेटिंगवर 30,000 रोंचा नमुना घेते आणि त्यावरून किती रो निघतील ते प्लॅनर ठरवतो. हा आकडा चुकला की खर्चही चुकला.

मराठवाड्यात 8 जिल्हे, 76 तालुके. समजा 76 लाख रो तालुक्यांत सारखे वाटलेत, दर तालुक्याला एक लाख, म्हणजे बीडच्या 11 तालुक्यांचे 11 लाख. ‘जिल्हा बीड आणि तालुका अंबाजोगाई’ अशी अट टाकली. अंबाजोगाई बीडमध्येच आहे हे प्लॅनरला ठाऊक नाही. तो दोन्ही प्रमाणांचा गुणाकार करतो आणि सुमारे 14,500 सांगतो. निघतात एक लाख! अशा ठिकाणी ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’नं दोन्ही कॉलमचं नातं नोंदवता येतं, 10व्या आवृत्तीपासून.

विचारणा (लातूर): मग क्वेरी खरोखर चालवून बघणाऱ्या ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’मधल्या ‘ॲक्च्युअल’ला ‘प्रत्यक्ष’ म्हणू?

उत्तर (नांदेड): हो. फक्त अंदाजित रो प्रत्यक्ष रोंशी ताडून बघायला सांगा. खर्चाशेजारी प्रत्यक्ष वेळ येते ती मिलिसेकंदांत, त्या दोन आकड्यांची तुलना होत नाही.