रोझाल्बाच्या बायका: व्यक्तिचित्रं की सजवलेली स्थळं?

चिकित्सक_चिंतू (धागाकर्ता):
व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कार्रिएरा (१६७३–१७५७) हिला अठराव्या शतकातल्या युरोपने डोक्यावर घेतलं होतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबाराने तिची शंभराहून जास्त पेस्टल (रंगीत खडूंची) चित्रं जमवली. पण तिने काढलेल्या ओळीने दहा बायका बघा. तीच मोतिया कांती, तेच पावडर मारलेले केस, ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू. १७२३ मध्ये इटलीतल्या मोदेना संस्थानच्या ड्यूकने तिला बोलावलं ते आपल्या तीन उपवर मुलींची चित्रं काढायला, परक्या राजघराण्यांत दाखवण्यासाठी. म्हणजे स्थळासाठी स्टुडिओत काढलेला फोटोच की! कारागिरी अव्वल, माणूस गायब, असं माझं मत.

खडूफळा:
साफ असहमत. पेस्टल म्हणजे रंगाची पूड आणि नावापुरता डिंक, त्याच्या वळलेल्या कांड्या. तेलरंगासारखी वाळायची वाट बघायला नको, की बाईला तासन्‌तास ताटकळत ठेवायला नको. तिच्या चित्रांतल्या कपड्यांची लेस जवळून बघा. खाली राखाडी थर, त्यावर पांढऱ्या खडूची कड अलगद ओढलेली. कागदाच्या खरखरीवर अडकेल तेवढाच रंग राहतो आणि एकही धागा न काढता जाळी दिसते. तुम्ही ज्याला पावडर म्हणताय, ती त्या माध्यमाची त्वचा आहे.

चिकित्सक_चिंतू:
लेस सुरेखच. मी चेहऱ्याबद्दल बोलतोय.

मिश्कील_माई:
अवांतर: त्या तिघींतल्या धाकट्या एन्रिकेत्ताचं लग्न १७२८ मध्ये पार्माच्या ड्यूकशी झालं, थोरली बेनेदेत्ता शेवटपर्यंत अविवाहित राहिली. फोटो बिचारा काय करणार!

रेवा_ठाणे:
चेहऱ्याबद्दलच बोलू. व्हेनिसच्या अकादमी या कलासंग्रहालयात तिचं उतारवयातलं आत्मचित्र आहे. पिकलेले केस, डोक्यावर लॉरेलची पानं, हसू औषधालाही नाही. पुढे तिची दृष्टीच गेली. इतकं निष्ठुर बघता येणाऱ्या बाईला ड्यूकच्या मुलींचे चेहरे कळले नसतील? कळले होते, पण गिऱ्हाइकाला ते नको होते. तिच्यावर आई आणि बहिणींचं घर चालायचं. राजेमहाराजांशी भाव करणाऱ्या अविवाहित बाईला 'खरं काढ' सांगणं आपल्याला आज सोपं आहे.

चिकित्सक_चिंतू:
पोटापाण्याची सबब प्रत्येक चित्रकाराला लावता येईल. त्याच काळात इटलीतल्याच बेर्गामोत फ्रा गाल्गारिओ हा भिक्षू-चित्रकार होताच. सरदारांचे सुजलेले, बेरकी चेहरे त्याने जसेच्या तसे काढले, आणि त्यांनी ते घेतलेही.

खडूफळा:
+१, गाल्गारिओ जबरदस्तच. पण तो मठात राहायचा, घरभाड्याची चिंता नव्हती.

रेवा_ठाणे:
शिवाय त्याची गाजलेली चित्रं बहुतेक पुरुषांची. सुजलेल्या चेहऱ्याच्या सरदाराचं लग्न कुठे अडत होतं?