चार वर्षांचं पोर दोरीला बांधून विहिरीत सोडा म्हणे

कुळागर: वरची पोस्ट वाचून राहवलं नाही. "सांजांवाला, गोव्यातल्या २४ जूनच्या सणाला, विहिरीत उड्या मारणाऱ्यांना कोणी शिकवलं? कमरेला दोरी बांधून पोर सोडा, भीती पळते." अहो, कमरेची दोरी ओढलीत की पोर मध्येच दुमडतं, डोकं खाली, नाकात पाणी. मग डोक्यावर तांब्या घ्यायलाही ते किंचाळणार.
सुरुवात न्हाणीघरात करा. आधी मानेवर तांब्या, मग डोक्यावर, शेवटी तोंडावर. दर वेळी "एक, दोन, तीन" मोजून. तीनच्या आधी ओतलंत की विश्वास संपला. तोंड बुडवताना ओठ मिटून "म्म्म" म्हणायला लावा. आवाज चालू आहे तोवर नाकातून हवा बाहेर येते, पाणी आत शिरत नाही.

रापणकार: "म्म्म"! इथे लोक असोल्या नारळांवर पोहायला शिकले. आता दंडात फुगे.

पाटो_पूल: फुग्यांनी काय घोडं मारलं?

रापणकार: दंड वर उचलले की अंग उभं राहतं, पाय सायकल मारतात. वर पोराला वाटतं आपल्याला येतं, फुगे काढल्यावरही उडी मारतं. त्यापेक्षा पाठीवर रिकामा, बंद डबा.

कुळागर: पाच लिटरचा डबा पाच किलो उचलतो, एवढ्याशा पोराला तो फार. आणि कमरेवर घसरला की ढुंगण वर, तोंड पाण्यात.

रापणकार: दोन्ही खांद्यांवरून पट्टे घेऊन छातीवर गाठ मारा, घसरत नाही. बांधता येत नाही यात डब्याचा काय दोष?

पायरीवरची_आजी: तुम्ही डब्यावरच भांडा. पोर आखडून बसतं ते दर वेळी भीतीने नव्हे. ओठ निळे, हनुवटी थरथरतेय, म्हणजे थंडी. लहान अंगातली ऊब लवकर जाते. वीस मिनिटांत बाहेर काढून पुसा. आणि "घाबरट" म्हणणारा मामा काठावर नको.

पाटो_पूल: मग उडी कधी? डोक्यावर कोपेल, म्हणजे सांजांवाचा फुलापानांचा मुकुट, घालून नुसता फोटो काढायचा?

कुळागर: काढा की. आधी पोर तलावाच्या काठावर बसवा, मोठं माणूस छातीभर पाण्यात समोर. पोराने झुकून हातात यायचं. जमलं की हात वीतभर मागे. बुडून वर आल्यावर स्वतः वळून काठ धरता आला, मग उडी, तीही तुम्ही हातभर अंतरावर असताना. विहीर नंतर. जूनमध्ये चिऱ्यांवर शेवाळ असतं, पोराला धरायला काही नाही.

रापणकार: बरं, दोरी चुकीची. डबा नाही.