ओ-५९ आणि एल-४ एकच का? आणि हे खेळणं युद्धात नेलं कुणी?

डिंक_आणि_ब्रश:
मंडळी एक शंका आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पायपर ग्रासहॉपरचं १/४८ मॉडेल जोडायला घेतलंय. वाचायला गेलो तर एका ठिकाणी ओ-५९ लिहिलंय, दुसरीकडे एल-४, आणि फोटो बघितला तर सरळ सरळ पायपर कब, शिकाऊ पायलट उडवायचे तेच. मग ही तीन विमानं आहेत का एकच? आणि दुसरं म्हणजे ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन, अंगावर कापड, बंदूक नाही काही नाही, हे घेऊन अमेरिकन लोक जर्मनांवर गेले कसे? पैसा होता, कारखाने होते, मग हे खेळणं कशाला? हसू नका, खरंच कळत नाहीये.

तोफखाना_प्रेमी:
एकच आहे. ओ म्हणजे ऑब्झर्व्हेशन (टेहळणी), एल म्हणजे लिएझन (संपर्क). १९४२ मध्ये सगळ्या हलक्या विमानांची पाटी बदलली, ओ-५९ चं एल-४ झालं, टेलरक्राफ्टचं ओ-५७ ते एल-२, एरोंकाचं ओ-५८ ते एल-३, स्टिन्सनचं ओ-६२ ते एल-५.

खेळणं का, तर आधी त्यांनी खेळणं नसलेलीच विमानं बनवली होती आणि तिथेच घोळ झाला. नॉर्थ अमेरिकनचं ओ-४७ बघा, तीन माणसं, हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर, खाली बघायला पोटाला खिडक्या, पण ते चढउतार करायला नीट धावपट्टी पाहिजे, म्हणजे तोफा इथे, विमान कुठेतरी मागे लांब, आणि तोफखान्याच्या मेजरला पलीकडची टेकडी बघायची तर आधी एअर कोअरकडे, म्हणजे सैन्याच्या विमानदलाकडे मागणी करा मग वाट बघत बसा. मग जर्मनांचं स्टॉर्च हे छोट्या जागेत उतरणारं हलकं विमान बघून यांनी स्टिन्सनचं ओ-४९ काढलं, तेच पुढे एल-१. विमान चांगलं होतं, अगदी छोट्या जागेत उतरायचं, पण २९५ हॉर्सपॉवर, ५० फुटांचे पंख, कमी वेगात तरंगायला पंखांना पुढे स्लॅट मागे फ्लॅप अशा हलत्या पट्ट्या, असलं विमान प्रत्येक तोफखाना बटालियनला कोण देणार?

१९४१ च्या लष्करी सरावांना पायपर, एरोंका, टेलरक्राफ्टवाल्यांनी आपली साधी विमानं स्वतःहून वापरायला दिली आणि त्यांनीच बाजी मारली. रस्त्यावर उतर, कुरणात उतर, साधं पेट्रोल भर, चाललं. ग्रासहॉपर हे नावही तिथलंच, फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर एक कब खडबडीत जमिनीवर टुणटुण उड्या मारत उतरलं, ते बघून जनरल इनिस स्विफ्ट म्हणाले की नाकतोड्यासारखा दिसतोस लेका. चिकटलं ते चिकटलंच.

६ जून १९४२ ला युद्धखात्याने तोफखान्याला स्वतःची विमानं ठेवायला परवानगी दिली. एका बटालियनला दोन विमानं, दोन पायलट, एक मेकॅनिक. माझ्या मते खरी क्रांती ही होती, विमान नव्हे. विमान कुणाच्या हुकमात आहे हा मुद्दा होता.

डिंक_आणि_ब्रश:
हे भारी आहे, आभार. पण मग फायटर विमानं यांना टिपत नव्हती का? ताशी ८५ मैल म्हणजे बसलेलं कबुतरच की.

शेपटीचं_चाक:
टिपायची ना, पण वाटतं तितकं सोपं नव्हतं. कब चाळीसेक मैलाच्या वेगालाही हवेत तरंगतं, फायटर त्याच्या कित्येक पट वेगाने येतं, हे झाडांच्या उंचीला जाऊन गर्रकन वळलं की तो पुढे निघून जातो. पायदळाच्या गोळ्यांचा धोका जास्त. त्यातही गंमत अशी की एल-४ डोक्यावर घिरट्या घालत असेल तर जर्मन तोफा बऱ्याचदा गप्प बसायच्या, कारण एक गोळा डागला की वरच्याला जागा कळली, तो रेडिओवर बोलणार आणि मग आख्ख्या बटालियनचे गोळे अंगावर. बिनबंदुकीचं म्हणताय पण रेडिओच्या दुसऱ्या टोकाला किती तोफा होत्या ते बघा.

बाकी आपल्याच लोकांचा धोका वेगळाच. ९ नोव्हेंबर १९४२ ला उत्तर आफ्रिकेत रेंजर या विमानवाहू जहाजावरून तीन एल-४ पहिल्यांदा लढाईत उडाले आणि अमेरिकन जहाजांनीच त्यांच्यावर तोफा सोडल्या 🤦

काडीपैलवान:
बंदूक नाही कोण म्हणतं 😄 चार्ल्स कारपेंटर म्हणून एक मेजर होता, आधी शाळेत इतिहास शिकवायचा. या बाबाने एल-४ च्या पंखाखालच्या दांड्यांना सहा बझुका (खांद्यावरून रॉकेट डागायच्या नळ्या) बांधल्या आणि सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये आराकूरला रणगाड्यांवर झेपावला. विमानाचं नाव रोझी द रॉकेटर.

आणि एप्रिल १९४५ मध्ये तर कहर, फ्रान्सिस आणि मार्टिन या दोघांनी कबच्या दारातून .४५ पिस्तुलं झाडून एक स्टॉर्च खाली आणलं! मग शेजारी उतरून त्या जर्मनांना पकडलं.

तोफखाना_प्रेमी:
किस्से मस्त आहेत पण एल-५ ला विसरू नका राव. १८५ हॉर्सपॉवर, आणि नंतरच्या मॉडेलांत स्ट्रेचर ठेवायची सोय. बर्माच्या जंगलातून जखमी बाहेर काढायचं काम एल-१ आणि एल-५ नी जे केलं त्याला तोड नाही. तिथेच एप्रिल १९४४ मध्ये पडलेल्या एका एल-१ च्या पायलटला आणि त्यातल्या तीन जखमींना सिकोर्स्कीच्या आर-४ हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. म्हणजे ज्याने पुढे यांची जागा घेतली तोच आधी यांना सोडवायला आला.

रनवे_२७:
जागा घेतली खरी पण लगेच नाही हं. कोरियात सेस्नाचं एल-१९ बर्ड डॉग आलं, २१३ हॉर्सपॉवर, पूर्ण धातूचं, तीन हजारांवर बनली. आणि डिंकभाऊ, तुमच्या मूळ प्रश्नाचं दुसरं टोक इथे आहे, १९६२ मध्ये तिन्ही दलांची नावं एकसारखी करताना एल हे अक्षरच काढून टाकलं, एल-१९ चं झालं ओ-१. फिरून परत ओ!

व्हिएतनाममध्ये हेच ओ-१ धुराची रॉकेटं मारून जेट विमानांना लक्ष्य दाखवायचं. आणि शेवटी एप्रिल १९७५, दक्षिण व्हिएतनामचा मेजर बुआंग ली बायको आणि पाच मुलांना बर्ड डॉगमध्ये कोंबून मिडवे या अमेरिकन विमानवाहू जहाजावर घिरट्या घालतोय, डेकवर जागा करा म्हणून चिठ्ठी टाकतोय, आणि कॅप्टनने हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलून जागा केली. डेकवर विमान अडवणारा हुक नाही काही नाही, उतरला. ते विमान अमेरिकेत पेन्साकोलाच्या नौदल विमान म्युझियममध्ये आहे.

डिंक_आणि_ब्रश:
अंगावर काटा आला. बरं ठरलं, रोझीच करणार. बझुका तीन-तीन ना दोन्ही बाजूंना?

काडीपैलवान:
हो तीन-तीन. आणि पंखामागची काच विसरू नका, साध्या कबला ती तेवढी मोठी नसते, लोक तिथेच फसतात.