जपान गाडीने : डोंगर, पठारं आणि खेड्यांमधले तुमचे रस्ते सांगा

मंडळी, जपानला जाऊन आलेले खूप जण आहेत, पण बहुतेकांचं जपान रेल्वेच्या मार्गावरचं असतं. रूळ संपतात तिथून पुढे जे सुरू होतं त्याबद्दल लिहा, असं आमंत्रण द्यायला हा धागा. ठिकाणांची यादी नको. रस्ता कसा होता, कुठे थांबलात, काय चुकलं, ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. मी नऊ वर्षं योकोहामात आहे, पण गाडी चालवायला लागून दोनच वर्षं झाली. भारतीय परवान्यावरून जपानी परवाना मिळायला तीन खेपा लागल्या. दोन वेळा ‘तोमारे’च्या (म्हणजे ‘थांबा’च्या) रेषेशी चाकं पूर्ण थांबली नाहीत म्हणून नापास झाले. ती सवय लागली हे बरंच झालं. खेड्यात रस्ता रिकामा असला तरी तिथली माणसं त्या रेषेवर थांबतातच.

पहिला मोठा प्रवास नागानोतल्या व्हीनस लाइनचा. चिनो गावापासून उत्सुकुशिगाहारा पठारापर्यंत साधारण ७६ किलोमीटर. पूर्वी टोल होता, २००२पासून नाही. जुलैच्या मध्यात गेलो तेव्हा किरिगामिनेच्या उतारांवर निक्को-किसुगेची पिवळी फुलं होती. मला काय ठाऊक, मी समजत होते हे सगळं आपोआप उगवलेलं. तिथल्या माहितीफलकावर वाचलं, की शेकडो वर्षं गावकरी जनावरांसाठी गवत कापत आले म्हणून हे कुरण टिकलं. कापणी थांबली तसं झाडझाडोरा वर चढायला लागला, आणि हरणं कळ्या खातात म्हणून फुलांभोवती विजेचं कुंपण घालावं लागतं. जवळच याशिमाची दलदल आहे. तिच्यात सुमारे आठ मीटर जाडीचा वनस्पतींचा थर साचलाय. हा रस्ता आधी तिला खेटून जाणार होता. लोकांनी विरोध केला आणि रस्ता वळवला गेला. त्या वळणावर गाडी बाजूला लावून मी बराच वेळ उभी होते. ज्यांनी भांडून ती वाचवली त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

*

आम्ही पुण्याहून दहा दिवसांसाठी गेलो होतो, त्यामुळे पर्यटकांसाठी कामाचं तेवढं लिहितो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. भारताचा परवाना १९४९च्या जिनिव्हा करारातला आहे आणि जपानला तोच चालतो. मूळ लायसन्स आणि पासपोर्टही जवळ ठेवा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे भीती लवकर जाते. फक्त इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर माझे वायपर सुरू व्हायचे. रेल्वे फाटक उघडं असलं तरी पूर्ण थांबून मगच पुढे जायचं, हा कायदा आहे. आणि दारूचा घोटसुद्धा नको. गाडीत सोबत बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते. नॅव्हिगेशनमध्ये ठिकाणाचं नाव टाकण्यापेक्षा फोन नंबर टाका, भाषेची अडचण राहत नाही.

आम्ही पिवळ्या नंबरप्लेटची छोटी ‘केई’ गाडी घेतली होती, ६६० सीसीची. चढावर दमते, पण अरुंद रस्त्यांवर तिच्यासारखं सुख नाही.

*

कामाचंच आणखी एक : घाट उघडा आहे का, ते निघायच्या आदल्या दिवशी बघा. शिगा कोगेनहून कुसात्सुला जाणारा २९२ क्रमांकाचा रस्ता शिबु खिंडीत २,१७२ मीटरवर जातो. जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरचा हा सगळ्यात उंच बिंदू. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत तो बर्फामुळे बंद असतो. मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोचलो आणि लोखंडी फाटकासमोर गाडी उभी केली. चूक सर्वस्वी माझी. मागे आई-वडील बसलेले, अंधार पडत आलेला, आणि कुसात्सुला वळसा जवळजवळ तीन तासांचा. तिथल्या हॉटेलवाल्यांनी आमचं जेवण राखून ठेवलं होतं.

त्याच रस्त्याने पुढे एप्रिलच्या शेवटी गेलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती, आणि मधून काळाभोर, कोरडा रस्ता. एकदा तरी बघावाच.

*

मी मूळची नागपूरची, आता ओसाकात असते. माझा रस्ता कोयासानचा.

हाशिमोतोहून वर चढताना देवदारांसारखे उंच सुगी वृक्ष रस्त्यावर इतके दाटतात की दुपारीही दिवे लावावे लागतात. मग अचानक सुमारे ८०० मीटरवर सपाटी लागते आणि देवळांचं अख्खं गाव समोर येतं. भिक्षू कूकाईंनी ८१६ साली इथे मठ सुरू केला. रात्री मठातच राहिलो. जेवणात तिळाचं तोफू, भाज्या, भात. मासळीचा अंशही नाही, शाकाहारी मंडळींनी निर्धास्त जावं.

पण मी गेले होते ते कोयासान विद्यापीठाच्या आवारातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासाठी. २०१५च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. माझे बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवर जात, पावसापाण्यात, ताप असतानासुद्धा. त्या थंड, धुक्याच्या डोंगरात ओळखीचा चेहरा बघितला आणि मला रडू आवरलं नाही. नवऱ्याने फोटो काढायला फोन धरला होता, तो त्याने खाली केला.

दुसऱ्या दिवशी रिऊजिन स्कायलाइनने दक्षिणेला उतरलो. डोंगराच्या धारेवरून जाणारा ४२ किलोमीटरचा रस्ता, आता टोल नाही. शेवटी रिऊजिनचे गरम पाण्याचे झरे. हिवाळ्यात बर्फाचे टायर असल्याशिवाय मात्र जाऊ नका.

*

होक्काइदोतल्या बिएईबद्दल एक विनंती. तिथल्या रंगीत टेकड्या म्हणजे बाग नव्हे, बटाटा, गहू, बीट यांची शेतं आहेत. ‘तत्त्वज्ञाचं झाड’ म्हणून प्रसिद्ध असलेलं पॉप्लरचं एक झाड तिथे होतं. झाड म्हातारं झालेलं, आणि फोटोसाठी लोक शेतात शिरायचे. २०१६च्या फेब्रुवारीत शेतकऱ्याने ते पाडलं. बुटांच्या मातीतून पिकाला कीड लागू शकते. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, हरभऱ्यातून कुणी चालत गेलं की कसं वाटतं ते मला कळतं. डांबर सोडू नका, एवढंच.

आणि संध्याकाळी हरणांकडे लक्ष ठेवा. माझ्या गाडीला एक धडकलं. पोलिसांना ११०वर फोन करून नोंद केली म्हणून विमा मिळाला. नोंदीशिवाय मिळत नाही.

*

‘मिचि-नो-एकि’ कुणी लिहिलं नाही अजून? रस्त्याकाठची ही विसाव्याची ठिकाणं १९९३पासून आहेत, आता बाराशेच्या वर. स्वच्छतागृह चोवीस तास उघडं. आत गावातली भाजी, पाकिटावर पिकवणाऱ्याचं नाव. सासूबाई नागानोत रोज ‘ओयाकी’ खायच्या : कणकेच्या पारीत नोझावानाची पालेभाजी, भोपळा किंवा वांगं. आतल्या सारणात मासळीचं पाणी आहे का, ते मात्र दर वेळी विचारायचो.

*

मी फुकुओकात शिकतो, गाव गुहागर तालुक्यात. माझा रस्ता आसोचा मिल्क रोड. दुधाचे टँकर जायचे म्हणून हे नाव. आसो ज्वालामुखीच्या कढईसारख्या विशाल विवराच्या काठावरून तो जातो. कढई दक्षिणोत्तर २५ किलोमीटर, आणि तळाशी भातशेती, रेल्वे, जवळजवळ पन्नास हजार माणसं. ९३६ मीटरवरच्या दाइकानबोवरून समोर आसोची पाच शिखरं दिसतात. आडव्या पहुडलेल्या बुद्धासारखी, असं इथले लोक म्हणतात. मला ते दिसायला थोडा वेळ लागला, पण दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

मी मार्चमध्ये गेलो तेव्हा डोंगर काळे होते. आदल्या आठवड्यात ‘नोयाकि’ झालेली. म्हणजे सुकलेलं गवत मुद्दाम जाळायचं, की नवं कोवळं फुटतं आणि तांबूस ‘आकाउशि’ गाईंना चरायला मिळतं. पावसाळ्याआधी आमच्याकडे भाजावळ करतात, तोच वास. गाडीची काच खाली केली आणि मी क्षणात घरी पोचलो.

एका वळणावर एक आजोबा जाळलेल्या जागेच्या कडेने चालत होते. माझं जपानी बेताचंच, पण त्यांनी समजावून सांगितलं : शरदात आधी जाळरेषा कापायच्या, मग वारा बघून आग लावायची, आणि ती पुढे गेली तर बांबूच्या झोडपण्यांनी विझवायची. गावात तरुण उरले नाहीत, म्हणून आता शहरातून स्वयंसेवक येतात. त्यांना आधी शिकवतात, तेव्हाच आगीजवळ सोडतात.

रात्री बाबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी डोंगराबद्दल, ज्वालामुखीबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, “एवढा डोंगर भाजायचा, माणसं मिळाली का त्यांना?” आमच्या वाडीत दोन वर्षं भाजावळ झालेली नाही. सगळे मुंबईला.

पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवक-प्रशिक्षणात मी नाव घातलंय. मार्चचं बाबांचं तिकीटही काढलंय. इथे कुणी नोयाकिला गेलं असेल तर कपडे, बूट कसे लागतात ते जरूर लिहा.