४९-० भारी की ५६-५? मार्सियानो, अली, टायसन... या, भांडू

तर्रीवाला:
काल रात्री टपरीवर पोट्ट्यांशी जुंपली म्हणून इथं टाकून राह्यलो. बॉक्सिंगच्या हेवीवेटमध्ये रॉकी मार्सियानोच्या वर कोणीच नाही. ४९ लढती, ४९ जिंकल्या, त्यातले ४३ नॉकआउट, आणि १९५६ ला बेल्ट कमरेला असतानाच घरी गेला. अली पाच वेळा हरला, टायसनचे तं मोजतच बसा. १९५२ ची वॉलकॉटवाली लढत पाहा, पहिल्याच राउंडला मार्सियानो खाली, बारा राउंड झाले तरी तिन्ही जजच्या कार्डावर मागं, आणि तेराव्यात उजव्या हाताचा एक आखूड ठोसा, फूटभर पण हात गेला नसंल. वॉलकॉटचा डावा हात दोरीत अडकला आणि तो तसाच घसरत खाली बसला, जसा मे महिन्यात बर्डीवर कोणाला चक्कर यावी. बोला आता.

इतवारी_पॅसेंजर:
अबे लढला कोणाशी ते पण सांग ना. जो लुई ३७ चा, वॉलकॉट ३८ चा, आर्ची मूरचं वय तं त्याच्या घरीच ठरलं नव्हतं, तो म्हणे १९१६ चा जन्म अन् माय म्हणे १९१३ चा. अलीची यादी वाच, लिस्टन, फ्रेझर, फोरमन. आणि हरला ते कसं हरला ते बघ, १९७१ ला फ्रेझरशी, तेव्हा दोघंही न हरलेले. १९७३ ला नॉर्टननं जबडा मोडला तरी हा बाराही राउंड उभा. दोघांनाही नंतर हरवलं. लिऑन स्पिंक्सलाही. राहिल्या शेवटच्या दोन, होम्स अन् बर्बिक, तेव्हा त्याला रिंगमध्ये जाऊच द्यायला नको होतं. वर २५ ते २८ ही ऐन वर्षं बंदीत गेली, ती कोणत्या कॉलममध्ये लिहितो?

तर्रीवाला:
बंदीचं मान्य. पण वयाचं नको काढू बावा, फोरमन १९९४ ला ४५ चा होता आणि मायकल मूररला पाडून चॅम्पियन झाला. तिथं टाळ्या वाजवता, अन् इथं ३८ चा वॉलकॉट म्हातारा? त्या रात्री पुढं तोच होता ना!

सक्करदरा_साउथपॉ:
दोघंही कागदावर भांडून राह्यले. मी तीन वर्षं जिममध्ये मार खाल्ला आहे. एक काडीपैलवान पोरगं होतं, हात माझ्यापेक्षा चार बोटं लांब, बस. मी आत शिरायला डोकं खाली घातलं की नाकावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, परत शिरलो की परत जॅब, घरी आई म्हणे शिकायला जातो की मार खायला. मार्सियानोचं वजन ८४ किलो आणि रीच, म्हणजे हात पसरून लांबी, ६८ इंच, आज तो हेवीवेटच्या खालच्या गटात, क्रूझरवेटमध्ये खेळला असता. आत्ताचा हेवीवेट उसिक १०१ किलोचा, त्याला लोक लहान म्हणतात! मे २०२४ ला समोर ११९ किलोचा फ्युरी, नवव्या राउंडला दोऱ्यांनी धरला म्हणून पडला नाही. उसिक पण न हरलेलाच आहे, त्याचं नाव कोणीच का घेत नाही?

बर्डीचे_काका:
पोरांनो, टायसनला एका ओळीत उडवलं तुम्ही. विसाव्या वर्षी चॅम्पियन, १९८८ ला मायकल स्पिंक्स ९१ सेकंदांत गार. मग टोकियो, १९९०. डग्लसचा रीच बारा इंच जास्त, साउथपॉ म्हणतो तोच जॅब, आणि टायसनच्या कॉर्नरवाल्यांकडं डोळ्याची सूज दाबायला धड सामान नाही, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून लावत होते. दहाव्यात पडला तर जमिनीवर चाचपडून माउथपीस शोधतो आहे, आणि सापडला तर उलटासुलटाच दातात, एक टोक बाहेर लोंबतंय. मी तर तेव्हा जेवलोच नाही.

इतवारी_पॅसेंजर:
काका, तुम्ही जेवले नाही म्हणून काही टायसन पहिल्या तिनात येत नाही 😄

साउथपॉ, उसिकचं पटलं, पण त्याची मोजणी तो थांबल्यावर करू. आणि तर्रीवाल्या, तुझ्यासाठी एक गंमत. १९६९ ला अली अन् मार्सियानोला खरंच समोरासमोर उभं केलं होतं, मार्सियानोनं टोप घातला, वजन उतरवलं, शेवट वेगवेगळे शूट केले आणि निकाल कॉम्प्युटरनं. पिच्चर लागायच्या आधीच विमान अपघातात बिचारा गेला. अमेरिकेत दाखवलं त्यात मार्सियानो तेराव्या राउंडला जिंकतो, युरोपात दाखवलं त्यात अली. तुझी रीळ तुला, माझी मला.

तर्रीवाला:
तेराव्या राउंडला ना? वॉलकॉटवाल्याच. कॉम्प्युटरला पण समजलं होतं बे.