लाळ-खुरकूत: एनएसपी पॉझिटिव्ह जनावर कळपातून काढावं का?

गोठाराखण
नियमित लस टोचलेल्या कळपात एनएसपी एलायझा (विषाणूच्या असंरचनात्मक प्रथिनांविरुद्धची, म्हणजे एनएसपीविरुद्धची, प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी) केली आणि दोन-चार जनावरं पॉझिटिव्ह आली, की "लसीमुळे आलं असेल" म्हणून अहवाल फायलीत जातो. मला हे अजिबात पटत नाही. लसीतला विषाणू मारलेला असतो आणि शुद्धीकरणात त्याची असंरचनात्मक प्रथिनं (कवचाचा भाग नसलेली, वाढताना लागणारी) बाजूला काढलेली असतात. टोचलं जातं ते जवळजवळ नुसतं कवच. ३एबीसी हे असंच एक असंरचनात्मक प्रथिन; ते विषाणू पेशीत वाढू लागला तरच तयार होतं. त्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली म्हणजे विषाणू अंगात वाढला होता, आणि घशात अजून दबा धरून बसलेला असू शकतो. असं जनावर ठेवायचं कशाला?

सीरमपेटी
तुम्हीच लिहिलंत, "वाढला होता". प्रतिपिंडं कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त टिकतात; विषाणू टिकेलच असं नाही. संसर्गाला २८ दिवस उलटल्यावरही घशात विषाणू सापडला तर जनावर वाहक. गाईत तो साडेतीन वर्षांपर्यंत सापडल्याची नोंद आहे, पण बहुतेक गाई त्याच्या कितीतरी आधी मोकळ्या होतात. उलटी बाजू जास्त घातक: चांगली लस मिळालेल्या गाईत विषाणू शिरला तर तो इतका थोडा वाढतो, की ती वाहक होऊनही एनएसपी निगेटिव्ह राहू शकते. म्हणजे तुम्ही मोकळी गाय काढणार आणि वाहक दावणीला ठेवणार.

शिवाय हिशेब करा. विशिष्टता (रोग नसलेल्याला निगेटिव्हच दाखवण्याचं प्रमाण) ९९ टक्के धरली तरी रोग नसलेल्या ५०० जनावरांत सरासरी ५ खोटी पॉझिटिव्ह येतात. ही कळपाची चाचणी आहे, एकट्या गाईची नव्हे.

गोठाराखण
मग करायचीच कशाला? २००१ च्या साथीत नेदरलँड्सने लस टोचलेली जनावरंही नंतर मारली, कारण लसवालं कोण आणि रोगवालं कोण हे दाखवणारी, व्यापाराच्या नियमांना मान्य असलेली चाचणी हाताशी नव्हती. आज लस देऊन जनावरं जगवता येतात ती हिच्याच भरवशावर.

दावण
गोठाराखण यांचा 'पॉझिटिव्ह ते काढा' हा नियम आयबीआरला (हर्पिसविषाणूमुळे गाईंना होणाऱ्या श्वसनाच्या रोगाला) लागू पडतो. तिथे मार्कर लसीच्या (लसवालं आणि रोगवालं वेगळं ओळखू देणाऱ्या लसीच्या) विषाणूतून जीई हे प्रथिन काढलेलं असतं. जीई पॉझिटिव्ह म्हणजे हर्पिसविषाणू मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभरासाठी मुक्कामाला आहे. विणं, लांबचा प्रवास किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं की पुन्हा बाहेर पडतो. ते जनावर काढायलाच हवं.

सीरमपेटी
आयबीआरबद्दल पूर्ण सहमत. फक्त दोन अटी. जीईची प्रतिपिंडं याच विषाणूच्या जीबी या दुसऱ्या प्रथिनाच्या प्रतिपिंडांपेक्षा उशिरा दिसतात, त्यामुळे ताज्या संसर्गात निगेटिव्हवर विसंबू नका. आणि साधी, जीई असलेली लस एकदा जरी टोचली गेली, तर त्या जनावरापुरती ही चाचणी निकामी झाली. म्हणून विकत आणलेल्या गाईची लसीची नोंद आधी पाहा, मग रक्त काढा.

लाळ-खुरकूतीत मात्र पॉझिटिव्ह कुठे पडलीत ते बघायचं. म्हाताऱ्या, खूप डोस झालेल्या गाईंत इकडे-तिकडे विखुरलेली असतील, तर जुना संसर्ग किंवा लसीची कमी शुद्धता, दोन्ही शक्य आहेत. एकाच गोठ्यात, ६ महिने ते २ वर्षं वयाच्या जनावरांत गठ्ठ्याने आली तर धोक्याची घंटा. त्यांना जुनी साथ ठाऊकच नसते. त्याहून लहान वासरं धरू नका, चिकातून आलेली आईची प्रतिपिंडं निकाल बिघडवतात. मग त्या गोठ्यातल्या सगळ्यांचं रक्त ३ आठवड्यांनी पुन्हा घ्या. नवी पॉझिटिव्ह वाढली तर विषाणू फिरतोय.

रक्त साध्या नळीत, गोठू न देणारं औषध नसलेल्या. रक्त नीट गोठून सीरम वेगळं होईपर्यंत बर्फात ठेवू नका. पेशी फुटून सीरम लाल झालं तर निकालावर भरवसा राहत नाही.

दावण
वाहक शोधायचाच असेल तर प्रोबँग (घशातला स्राव खरवडून घेणारा लांब दांड्याचा छोटा कप). तोंडातला चारा काढा, मग घशातला स्राव घ्या आणि लगेच बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) टाका. कोठीपोटातलं पाणी वर आलं तर नमुना फेका, तोंड धुऊन पुन्हा घ्या; पीएच ६ च्या खाली हा विषाणू मरतो आणि वाहक गाय निर्दोष ठरते. स्रावात विषाणू सलग सापडत नाही, म्हणून एका निगेटिव्हवर थांबू नका.

गोठाराखण
वयाचा मुद्दा पटला, काढून टाकण्याची घाई मागे घेतो. पण बाहेरून येणारं जनावर एनएसपी निगेटिव्ह असल्याशिवाय मी आत घेऊ देणार नाही.

सीरमपेटी
घेऊ नका. फक्त तो निगेटिव्ह एकदाचा नको. संसर्गानंतरचे पहिले ८-१० दिवस ही चाचणी आंधळी असते. जनावर २८ दिवस वेगळं बांधा. आल्या दिवशी एक रक्त, ३ आठवड्यांनी दुसरं, आणि दोन्ही नमुने एलायझाच्या एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावून घ्या.